कडुनिंब रुसलाय, हे खरं असू शकतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक ताई सात-आठ महिन्यांपूर्वी नाशिकहून वडोदऱ्याला राहायला आल्या. रोज सकाळी कमाटीबागेत फिरायला जातात. तिथल्या एका वडाखाली त्यांना माहेरी आल्यासारखं वाटतं, जवळच्याच दुसऱ्या वडाखाली तसं काहीच वाटत नाही, आणि एका चिंचेखालून तर त्या पाय उचलून चालतात. जांबुघोड्याच्या जंगलात गेल्या तेव्हा "कुणीतरी आपल्याकडे बघतंय" असं सतत वाटत राहिलं. सोसायटीतला कडुनिंब यंदा "उदास" दिसतो. झाडांना स्वभाव असतो का, ती एकमेकांशी बोलतात का, की हे सगळे माझ्या मनाचे खेळ? यजमान हसतात, असंही शेवटी लिहिलंय.

ताई, माझा धंदाच दुसऱ्यांची झाडं बघायचा आहे. तीस वर्षं झाली. वडोदऱ्यातल्या बंगल्यांतले आंबे, सोसायट्यांमधले आसोपालव, जुन्या वाड्यांच्या भिंतीत घुसलेले पिंपळ. वनस्पतिशास्त्राची पदवी इथल्याच एम. एस. युनिव्हर्सिटीची, पण झाड बघायला शिकलो ते माळ्यांकडून. त्यामुळे माझं उत्तर दोन्हीकडचं असेल.

तुम्ही एका पिशवीत दोन प्रश्न भरले आहेत, ते आधी वेगळे करू. झाडाखाली उभं राहिल्यावर तुम्हाला जे जाणवतं त्यात काही खरी माहिती असते का, हा एक. आणि त्या जाणवण्याचं जे कारण तुम्ही लावता (झाड बोलावतंय, झाड नको म्हणतंय) ते बरोबर आहे का, हा दुसरा. माझ्या अनुभवात पहिल्याचं उत्तर बऱ्याचदा "हो" असतं आणि दुसऱ्याचं बऱ्याचदा "नाही". यजमान हसतात ते दुसऱ्यावर, पण त्या हसण्यात पहिलंही वाया जातं.

मी नवा नवा असताना एका बागेत आंब्याच्या झाडाकडे बघून तिथले माळीकाका म्हणाले, "हा रुसलाय." मला हसू आलं. पानं हिरवी होती, खत वेळेवर दिलेलं होतं, झाडाला पाणी होतं. मी विचारलं, "कशावरून?" त्यांना सांगता येईना. "दरसाल असा दिसत नाही," एवढंच. पुढच्या उन्हाळ्यात एक जाड फांदी वाळली तेव्हा मी खोडापाशी गुडघे टेकून बसलो. सालीला भोकं होती, खाली लाकडाचा भुसा सांडलेला. खोडकिडा आत शिरून निदान वर्ष तरी झालं असावं. काकांच्या डोळ्यांनी त्या वर्षीची आखूड पालवी टिपली होती, पानांचा किंचित उतरलेला रंग टिपला होता, फक्त त्याला त्यांच्याकडे "रुसलाय" एवढाच शब्द होता. माझ्याकडे शब्द पुष्कळ होते आणि मी काही टिपलंच नव्हतं. तेव्हापासून "झाड उदास वाटतं" म्हणून कुणाचा फोन आला की मी हसत नाही, हातोडी घेऊन जातो.

आता तुमचे दोन वड. या शहराच्या नावातच वड आहे, इ. स. 812 च्या ताम्रपटात या जागेचं नाव वटपद्रक असं येतं. तेव्हा वडाबद्दल जरा सविस्तर लिहिलं तर चालवून घ्या.

शेजारचे दोन कडुनिंब साधारण एकाच सुमाराला पालवतात. शेजारचे दोन वड मात्र बहुधा वेगवेगळ्या तारखेला जगत असतात. एकावर लालभडक फळं लगडलेली असतात तेव्हा दुसऱ्यावर हिरवी बोंडं नुकती धरत असतात. हा लहरीपणा नाही. वडाचं जे फळ आपण म्हणतो त्याच्या आत फुलं असतात, शेकडो, बाहेरून न दिसणारी. त्यांचं परागीभवन चिलटाएवढी एकाच जातीची माशी करते, यूप्रिस्टिना मॅसोनी नावाची. पिंपळाची माशी वेगळी, उंबराची वेगळी. फुलं तयार झाली की त्या कोवळ्या बोंडांतून विशिष्ट वास सुटतो, त्या वासावर मादी येते, टोकाच्या चिंचोळ्या दारातून आत घुसताना तिचे पंख तुटतात, आत ती परागकण पोचवते, अंडी घालते आणि तिथेच मरते. काही आठवड्यांनी तिची पुढची पिढी परागकण अंगावर घेऊन बाहेर पडते. त्या माशीच्या हातात एखाद-दोन दिवसच असतात. तेवढ्यात तिला वास सोडणारा दुसरा वड सापडायलाच हवा. गावातले सगळे वड एकाच दिवशी फळले असते तर बाहेर पडलेल्या माश्यांना जायला जागा उरली नसती, माश्या संपल्या असत्या आणि त्यांच्यामागून वडही. म्हणून एका झाडावरची फळं बरोबरीने पिकतात, पण प्रत्येक झाडाचं पंचांग निराळं.

म्हणजे तुमच्या दोन वडांचा "स्वभाव" वेगळा वाटतो तो उगाच नाही. तुम्ही ज्या दिवसांत पहिल्या वडाखाली बसलात, त्या दिवसांत तो बहुतेक फळांवर असणार. तांबट, मैना, कोकीळ, हरियाल यांची वर्दळ, खाली फळांचा सडा, खारींची धावपळ, वरून एक अखंड कुजबुज. लहानपणी गावच्या पारावर जे ऐकलंय तेच. दुसरा वड तेव्हा नुसता सावली धरून उभा असेल. दोन महिन्यांनी पुन्हा जा, कदाचित दोघांचे स्वभाव अदलाबदल झालेले दिसतील. नाही झाले, तर तुमच्या वाटण्यात माझ्या तर्कापेक्षा जास्त काहीतरी आहे असं मी मान्य करीन.

यात एक गंमत अशी की "एक वड" हाही कधीकधी आपला समज असतो. पक्ष्यांच्या विष्ठेतून एकाच जागी चार-पाच बिया पडतात, रोपं वाढतात, मुळं आणि खोडं एकमेकांत मिसळून एकजीव होतात. पनामात असल्या वड-कुळातल्या झाडांची जनुकीय तपासणी झाली, 1991 साली ती प्रसिद्ध झाली, आणि एकच दिसणारी बरीच झाडं अनेकांची मोट निघाली. मीसुद्धा इथल्या एका जुन्या भिंतीवरच्या वडाची एक बाजू फळलेली आणि दुसरी कोरी बघितली आहे. तिथे कुणाचा स्वभाव म्हणायचा?

चिंचेचं मात्र सोपं आहे. चिंचेखाली झोपू नये, तिथे भुतं असतात, हे तुम्ही नाशिकलाही ऐकलं असेल. काही जण त्याला शास्त्रीय फोडणी देतात की चिंच रात्री घातक वायू सोडते. प्रत्येक झाड रात्री श्वास घेतं, तुम्ही-आम्हीही घेतो, उघड्या हवेत त्याने कुणी गुदमरत नाही. पण चिंचेची बारीक पानं अंधार पडला की मिटतात आणि उजाडल्यावर उघडतात. तुम्ही पहाटे जाता. त्या वेळी चिंचेखालचा उजेड मिनिटामिनिटाला बदलत असतो, वरचं छत हलत्या जाळीसारखं होतं, आणि खाली फारसं काही उगवलेलं नसल्यामुळे जमीन उघडी, मोकळी वाटते. डोळ्याला हे खटकतं, मनाला भुतं आठवतात. पिंपळावर मुंजा बसतो तोही असाच. लांब, बारीक देठामुळे पिंपळाचं पान वारा नसल्यासारखा असतानाही सळसळतं, आणि मध्यरात्री पावसासारखा आवाज यायला लागला की कुणालाही वर कोणीतरी आहे असं वाटेल. ज्याने पहिल्यांदा मुंजा बघितला त्याचे कान चांगले होते, एवढंच मी म्हणेन.

आता बोलण्याकडे येऊ.

झाडाच्या स्वतःच्या अंगात निरोप फिरतात, याबद्दल आता वाद नाही. जगदीशचंद्र बोस यांनी 1901 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत वनस्पतींचे विद्युत प्रतिसाद दाखवले तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. 2018 मध्ये एका लहानशा रोपावर प्रयोग झाला: अळीने एक पान कुरतडलं की कॅल्शियमची एक लाट सेकंदाला साधारण एक मिलिमीटर वेगाने दूरच्या पानांकडे जाते आणि ती पानं बचावाची तयारी सुरू करतात. हे चमकत्या रंगात कॅमेऱ्यात टिपलं गेलं. याला वेदना म्हणायचं का? मी म्हणणार नाही. ज्याला मेंदू नाही त्याच्या जागी आपलं दुखणं नेऊन ठेवलं की आपण झाडाकडे बघायचं थांबतो आणि स्वतःकडे बघायला लागतो.

एका झाडाकडून दुसऱ्याकडे निरोप हवेतून जातो, हेही पुष्कळदा सिद्ध झालंय. ताज्या कापलेल्या गवताचा वास तुम्हाला आवडत असेल, तो जखमी पानांचा वास आहे. मक्याच्या पानावर अळी बसली की मका असे वास सोडतो ज्यांच्यामागून त्या अळीवर जगणाऱ्या गांधीलमाश्या येतात, हे 1990 मध्ये दाखवलं गेलं. अमेरिकेतल्या सेजब्रश झुडपाची पानं कापली तर शेजारच्या रानतंबाखूला नंतर कीड कमी लागते, हे 2000 मध्ये. पण "बोलतात" या शब्दापाशी मी जरा थांबतो. रावपुऱ्यातल्या जुन्या घरात राहत होतो तेव्हा शेजारच्या खिडकीतून फोडणीचा वास आला की आम्हाला जेवायची वेळ कळायची. शेजारणीने काही निरोप धाडलेला नसायचा. झाडांचं पुष्कळसं बोलणं मला या जातीचं वाटतं: एकाची फोडणी, दुसऱ्याची सावधगिरी. वडाचा माशीला बोलावणारा वास मात्र खरंच आमंत्रण आहे, कारण तो ऐकणाऱ्यासाठीच घडलाय. फक्त ते आमंत्रण दुसऱ्या वडाला नाही, आणि तुम्हा-आम्हाला तर नाहीच.

आवाजाचंही विचारलं जातं. इस्राएलमधल्या तेल अवीवच्या संशोधकांनी 2023 मध्ये दाखवलं की तहानलेली टोमॅटोची आणि तंबाखूची रोपं तासाला तीस-पन्नास बारीक टिचक्या सोडतात. त्या आपल्या कानांच्या मर्यादेच्या कितीतरी वर, 40 ते 80 किलोहर्ट्‌झच्या आसपास. पाण्याच्या नळ्यांत हवेचे बुडबुडे फुटल्याने त्या होत असाव्यात. कमाटीबागेत तुम्हाला ऐकू आलं ते हे नव्हे.

आणि झाडांची मुळं एकमेकांना जोडतं असं म्हणतात ते जमिनीखालचं बुरशीचं जाळं. यावर मला सगळ्यात जास्त विचारतात आणि मी सगळ्यात सावध असतो. 1997 मध्ये वनशास्त्रज्ञ सुझान सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात डग्लस फर आणि बर्च यांच्या रोपांमध्ये कार्बनची देवाणघेवाण मोजली. तिथून "आई झाड पिलांना जेवू घालतं" इथपर्यंत गोष्ट वाढली. 2023 मध्ये जस्टिन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होक्सेमा यांनी सगळे पुरावे पुन्हा तपासले आणि जंगलात हे जाळं एवढं पसरलेलं असतं, त्यातून मोठी झाडं रोपांना पोसतात, या दाव्यांना पुरेसा आधार नाही असं लिहिलं. यातल्या मेलनी जोन्स 1997 च्या मूळ निबंधाच्या सहलेखिका होत्या. स्वतःच्याच कामावरून वाढलेल्या गोष्टीला लगाम घालायला धैर्य लागतं. शिवाय तिकडच्या फरची बुरशी मुळांभोवती म्यान करणाऱ्या प्रकारची. आपल्याकडे ती साल वृक्षांच्या जंगलात सापडते. कडुनिंब, साग, चिंच, वड यांच्या मुळांत राहणारी बुरशी वेगळ्या प्रकारची. ती झाडाला स्फुरद मिळवून देते हे पक्कं, पण तिकडची गोष्ट उचलून गुजरातच्या मातीत लावू नये.

थोडक्यात इथपर्यंत: झाडाच्या आत निरोप, पक्कं. हवेतून वास, बऱ्यापैकी पक्कं. जमिनीखालचं कुटुंब, अजून वादात.

जांबुघोड्यात कुणीतरी बघत होतं असं वाटलं, ते तर अगदी खरं होतं हो! माणूस जंगलात शिरला की सातभाईंचा कलकलाट होतो, वानर वरून बघतं, मग आसपासचं सगळं गप्प होतं. त्या गप्पपणाला आपण जंगलाची नजर म्हणतो. तिथे एका जागी पंधरा-वीस मिनिटं न हलता बसून बघा, हळूहळू आवाज परत येतात आणि "नजर" निघून जाते. चैत्रात गेला असाल तर सागाची पानं गळून पडलेली, प्रत्येक पावलाला पापड मोडल्यासारखा आवाज. स्वतःच्या पावलांचा एवढा गाजावाजा ऐकला की माणूस बुजतोच.

जंगलाला एकमत असतं असंही वाटतं कधीकधी. कळकाची बेटं वर्षानुवर्षं काही न करता अचानक एकत्र फुलतात आणि फुलून मरतात. आदिवासी भागात लोक त्याला अपशकुन मानायचे, कारण बियांवर उंदीर पोसतात आणि मग धान्यावर येतात. पण त्या बेटांनी सभा भरवलेली नसते. एकाच वेळच्या बियाण्यातून आलेल्या पिढीत आतलं घड्याळ सारखं असतं.

आता माझ्या अपयशाची गोष्ट, कारण तुमच्या जाणवण्यावर विश्वास ठेवा म्हणताना ती सांगितली नाही तर लबाडी होईल. एका बंगल्यात गुलमोहर होता. सगळ्यांचा लाडका. मेमध्ये असा फुलायचा की रस्त्यावरचे लोक थांबायचे. मी दोन वर्षं त्याच्याखाली चहा प्यायलो, आणि मला तो जितका आनंदी वाटला तितकं त्या बागेतलं दुसरं झाड वाटलं नाही. पहिल्या पावसाच्या वावटळीत तो बुंध्यातून मोडला आणि खाली उभ्या असलेल्या दोन स्कूटरवर पडला. नशीब, माणूस नव्हता. बुंध्याला, मातीलगत, तपकिरी, लाकडासारख्या कडक अळंबीची एक कड होती. गॅनोडर्मा. तिच्यापुढे कुंडी ठेवलेली होती आणि मी कुंडी उचलून बघितली नव्हती. झाडाचं पाणी बाहेरच्या पातळ जिवंत लाकडातून वर जातं. आतला गाभा कुजून पोकळ झाला तरी वरची पानं-फुलं झळाळू शकतात. म्हणजे तब्येत आणि ताकद या झाडात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला जाणवते ती तब्येत. ताकद जाणवत नाही, ती ठोकून, टोचून, वाकून बघावी लागते. झाडाखाली मुलं खेळत असतील तर भावनेवर कधीही विसंबू नका, दोन्ही बाजूंनी.

शेवटी तुमचा कडुनिंब. तो उदास दिसतो हे मी खरं धरून चालतो. का, हे न बघता सांगणं कठीण, पण तुमच्या जागी मी असा शोध घेईन.

आधी लांब उभं राहून फक्त शेंड्याकडे बघा, नाव न देता. आकाश नेहमीपेक्षा जास्त दिसतंय का? फांद्या टोकाकडून आत वाळत येताहेत का? पावसाळ्यात कोवळ्या फांद्यांची टोकं तपकिरी होऊन वाळत असतील तर फोमॉप्सिस या बुरशीचा शेंडामर असू शकतो. असं झाड भेसूर दिसतं, पण बऱ्याचदा फाल्गुन-चैत्रात पुन्हा पालवतं. लोक घाबरून त्याआधीच ते तोडतात, ती घाई होऊ देऊ नका.

मग बुंध्याकडे या. तुमच्या सोसायटीत पेव्हर ब्लॉक बसवले आहेत का, आणि ते खोडाला भिडले आहेत का? माझ्याकडे येणारे अर्धेअधिक "उदास" कडुनिंब या एका कारणाचे असतात. मुळांनाही हवा लागते. तसं असेल तर खोडाभोवती निदान दीड मीटर तरी ब्लॉक उचलायला सांगा, खाली माती हलक्या हाताने मोकळी करा, त्याच्याच पानांचा थर द्या. बुंध्यावर माती चढवू नका, गेरू-चुन्याचे पट्टेही नकोत, त्यांच्याखाली भेगा आणि भोकं लपतात.

आणि जुन्या शेजाऱ्यांना एक विचारा, तुम्ही तेव्हा इथे नव्हतात. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा तुमच्या आवारात पाणी किती दिवस उभं होतं? कडुनिंबाला दुष्काळ चालतो, मुळांशी तुंबलेलं पाणी नाही. मुळं कुजल्याचं वर शेंड्यात दिसायला एक-दोन वर्षंही लागू शकतात. तीन-चार दिवस पाणी होतं असं कळलं तर लाकडी हातोडीने बुंधा चहूबाजूंनी ठोकून बघा: भरीव लाकूड टणक बोलतं, पोकळ लाकूड माठासारखं. माठाचा आवाज आला तर पुढे स्वतः काही करू नका, कुणा जाणकाराला बोलवा.

एक वही ठेवा. पान गळायला लागलं ती तारीख, पहिली तांबूस पालवी दिसली ती तारीख, मोहोर, निंबोळ्या. शेजारच्या दुसऱ्या कडुनिंबाच्याही तारखा बाजूला लिहा, म्हणजे यंदा सगळेच उशिरा आहेत की एकटा तोच, हे कळेल. त्याच वहीत त्या दिवशी झाड तुम्हाला कसं वाटलं तेही एका शब्दात लिहा: उदास, बरा, रुसलेला, काहीही. वर्षाने दोन्ही रकाने शेजारी ठेवून यजमानांना दाखवा. पालवी फुटली की मलाही कळवा, आणि नवी फांदी गेल्या वर्षीपेक्षा लांब की आखूड, तेवढं पट्टीने मोजून लिहा.